भेद, अभेद आणि व्यवहार



या व्यासपीठावरून दरवर्षी वसंतात मोठमोठे पंडित बोलतात. त्यांच्या पंक्तीत एका कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला बसवावे, आणि तेही वेदान्तावर बोलावयास, हे चालकांचे धाडसच म्हटले पाहिजे. आमचे शालेय शिक्षण नववीत संपले. पुढचे शिक्षण नगर वाचनालयाने केले. रात्रपाळी संपवून आलो की भाषांतर एका बाजूला आणि मूळ दुसऱ्या बाजूला ठेवून शब्दाला शब्द लावीत बसावयाचे, एवढाच आमचा संस्कृताशी संबंध. तेव्हा उच्चारात दोष सापडतील ते जाणकारांनी पोटात घालावेत. मात्र आजच्या विषयाची आणि आमची पहिली गाठ पडली ती कारखान्याच्या फाटकापाशी. पोथी आम्ही नंतर उघडली, आणि उघडली ती फाटकावरच्या प्रश्नाचे उत्तर शोधावे म्हणून.

तो प्रश्न असा. गेली तीस वर्षे आम्ही कामगारांना 'एक व्हा' असे सांगत आलो. त्याच काळात कारखान्याचे मालक खंडेनवमीच्या पूजेला यंत्रापुढे उभे राहून 'आपण सारे एक कुटुंब आहोत' असे सांगत आले. आणि देवळातील कीर्तनकारबुवा 'सर्वांच्या ठायी एकच आत्मा आहे' असे सांगत आले. तिघांच्या तोंडी शब्द एकच आहे. तिघांना अभिप्रेत असलेली गोष्ट मात्र एक दिसत नाही. मग 'एक' म्हणजे काय? आणि माणसामाणसांत जो भेद डोळ्यांना दिसतो, तो खरा की खोटा? तो खोटा असेल तर त्याच्याविरुद्ध भांडावयाचे तरी कशाला? आणि तो खरा असेल, तर एक होणार कसे?

हिंदू तत्त्वज्ञानात हा वाद हजार-बाराशे वर्षे चालला. भारतातील अत्यंत कुशाग्र बुद्धीची माणसे त्यात उतरली. त्यांचा खल आपल्या उपयोगाचा आहे की नाही, हे पाहण्याचा आमचा आजचा प्रयत्न आहे.

प्रथम भेद म्हणजे काय ते पाहू. चौदाव्या शतकातील विद्यारण्यांच्या 'पंचदशी' ग्रंथात भेदाचे तीन प्रकार झाडाच्या दृष्टान्ताने सांगितले आहेत. एक झाड दुसऱ्या झाडाहून वेगळे असते, हा सजातीय भेद. झाड दगडाहून वेगळे असते, हा विजातीय भेद. आणि त्याच झाडाची पाने, फुले, फळे एकमेकांहून वेगळी असतात, हा स्वगत भेद. ही वाटणी आम्हांला फार सोयीची वाटते. कामगार आणि कामगार यांतला भेद सजातीय, कामगार आणि यंत्र यांतला विजातीय, आणि एकाच माणसाचा हात व पाय यांतला स्वगत. एवढे तीन शब्द हाताशी असले, म्हणजे आचार्यांच्या भांडणाची दिशा चुकत नाही.

शंकराचार्य म्हणतात, ब्रह्माच्या ठायी या तिन्हींपैकी एकही भेद नाही. त्याच्यासारखे दुसरे नाही, त्याच्याहून निराळे दुसरे नाही, आणि त्याच्या पोटात तुकडे नाहीत. मग हे जग, हे अनंत जीव कोठून आले? त्यांचे दोन दृष्टान्त सर्वांच्या परिचयाचे आहेत. अंधारात दोरीवर साप दिसतो, दिवा आणला की साप कोठे गेला हा प्रश्नच उरत नाही. घागरीतले आकाश वेगळे वाटते, घागर फुटली की ते वेगळे नव्हतेच हे कळते. पुष्कळ लोक समजतात की शंकराचार्यांनी जग म्हणजे निव्वळ थाप ठरविली. तसे त्यांनी म्हटलेले नाही. स्वप्नातल्या वस्तूंपेक्षा जागेपणीच्या वस्तूंना त्यांनी वरची पायरी दिली आहे. ज्ञान होईपर्यंत व्यवहार खरा, त्याचे नियम खरे, त्यातले सुखदुःख खरे. परमार्थाच्या दृष्टीने मात्र एकच वस्तू खरी. सत्तेच्या या दोन पायऱ्या, व्यावहारिक आणि पारमार्थिक, ध्यानात ठेवा. पुढे त्यांच्याशी आपला हिशेब आहे.

रामानुजाचार्यांना हे पटले नाही. परंपरेने त्यांचा काळ १०१७ ते ११३७ असा दिला जातो. त्यांचे म्हणणे असे की, ब्रह्मासारखे वा ब्रह्माहून स्वतंत्र असे दुसरे काही नाही, येथवर ठीक. पण त्याच्या पोटात भेद आहेत. जीव आणि जड जग हे ईश्वराचे शरीर आहे, आणि ईश्वर हा त्या शरीराचा आत्मा आहे. शरीर आणि आत्मा एकमेकांवाचून राहत नाहीत, म्हणून ते एक. पण शरीर म्हणजे आत्मा नव्हे, म्हणून भेदही खरा. आमच्या तीन शब्दांत सांगावयाचे तर रामानुजांनी सजातीय व विजातीय भेद सोडले, आणि स्वगत भेद राखला.

तेराव्या शतकात उडुपीचे मध्वाचार्य उभे राहिले. त्यांनी तडजोड मुळीच केली नाही. ईश्वर आणि जीव, ईश्वर आणि जड, जीव आणि जीव, जीव आणि जड, जड आणि जड, असे पाच भेद त्यांनी सांगितले. हे पाचही खरे आणि कायमचे. उपनिषदांतले सर्वांत प्रसिद्ध अभेदवाक्य म्हणजे 'तत्त्वमसि'. मध्वांनी त्याचा संधी निराळा फोडला, आत एक 'अ' वाचला, आणि 'ते तू नाहीस' असा अर्थ लावून दाखविला. याला कोणी हट्ट म्हणेल. पण या हट्टात एक मोठी गोष्ट आहे. कोणताही जीव दुसऱ्या जीवासारखा नाही, आणि मुक्तीनंतरही तो आपले आपलेपण गमावीत नाही, ही एकेका जीवाची प्रतिष्ठा मध्वांनी जितकी ठासून सांगितली तितकी क्वचितच कोणी सांगितली असेल. मात्र या भेदाला त्यांनी तारतम्य जोडले. जीव केवळ वेगळे नाहीत, ते वरच्या-खालच्या पायरीचेही आहेत, आणि काही जीवांच्या वाट्याला मोक्ष कधीच नाही. वेगळेपण आणि उच्चनीचपण यांची गाठ येथे पक्की बांधली गेली.

या तिघांच्या अधूनमधून आणखी एक मोठी परंपरा आहे, आणि आमच्या मते तिच्याकडे आपले दुर्लक्ष होते. ती भेदाभेदवाद्यांची. शंकरांच्या नंतरचे भास्कर, वृंदावनाशी ज्यांचा संप्रदाय जोडला गेला ते निंबार्क, बंगालात १४८६ ते १५३४ या काळात होऊन गेलेले चैतन्य महाप्रभू आणि त्यांचे अनुयायी, या सर्वांनी निरनिराळ्या रीतींनी एकच गोष्ट सांगितली : भेदही आहे आणि अभेदही आहे. लाट आणि समुद्र, ठिणगी आणि अग्नी यांचे नाते पाहा. लाट समुद्राहून निराळी काढून दाखविता येत नाही. पण लाट म्हणजेच समुद्र असेही कोणी म्हणत नाही. चैतन्यांच्या अनुयायांनी तर या नात्याला 'अचिंत्य' असे नाव देऊन टाकले, म्हणजे तर्काच्या चिमट्यात न सापडणारे. तर्कपंडितांना हे पळपुटेपण वाटले. पण ज्याने कधी दोनशे माणसांची संघटना चालविली आहे, त्याला ते पळपुटेपण वाटणार नाही. माणसे एक असतात आणि एक नसतातही, याचा अनुभव त्याला रोज येतो.

येथवर आचार्यांची भूमिका झाली. आता त्यांच्या मुख्य ग्रंथाकडे वळू. हे सारे वाद प्रामुख्याने बादरायणाच्या ब्रह्मसूत्रांचा अर्थ लावताना झाले. त्या ग्रंथातली दोन स्थळे आम्हांला आज आपल्यापुढे शेजारी-शेजारी ठेवावयाची आहेत.

पहिले स्थळ दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात आहे, त्रेचाळिसावे सूत्र. जीव हा ब्रह्माचा अंश आहे, असे ते सूत्र सांगते. कारण काय? तर श्रुतीत दोघांचा भेदही सांगितला आहे, आणि अभेदही सांगितला आहे. अभेदाला पुरावा म्हणून सूत्रकार कोणाला पुढे आणतात ते लक्ष देऊन ऐका. अथर्ववेदाच्या एका शाखेत ब्रह्म म्हणजेच कोळी, ब्रह्म म्हणजेच जुगारी असे पठण आहे, याचा ते हवाला देतात. शंकराचार्य या सूत्रावर भाष्य करताना दासांचाही उल्लेख करतात. अभेद सिद्ध करावयास राजा घेतला नाही, ऋषी घेतला नाही. जाळे टाकणारा कोळी घेतला, दुसऱ्याच्या घरी राबणारा दास घेतला. एकत्वाचा पुरावा समाजाच्या तळाशी शोधावा, ही सूत्रकारांची दृष्टी आम्हांला फार मोलाची वाटते.

दुसरे स्थळ याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, चौतिसाव्या सूत्रापासून पुढे आहे. त्याला अपशूद्राधिकरण म्हणतात. शूद्राला वेदविद्येचा अधिकार आहे काय, हा तेथला प्रश्न, आणि उत्तर 'नाही' असे आहे. या उत्तराच्या आड छांदोग्य उपनिषदातली एक गोष्ट येते. जानश्रुती नावाचा एक दाता राजा रैक्वाकडे ज्ञान मागावयास जातो. हा रैक्व कोण? आपल्या गाडीखाली बसून अंगाची खरूज खाजविणारा एक गाडीवाला! तो राजाला ज्ञान देतो, पण आरंभी 'शूद्रा' अशी हाक मारतो. आता शूद्राला अधिकार नाही आणि श्रुतीत तर शूद्र म्हणून हाक मारलेल्याला ज्ञान मिळाले, याची वाट कशी लावावी? 'शूद्र' या शब्दाचा अर्थ येथे शोकाने धावत आलेला असा घ्यावा, अशी वाट काढण्यात आली. एका शब्दाची व्युत्पत्ती बदलली आणि कोट्यवधी माणसांचा दरवाजा बंद राहिला.

शंकराचार्यांची बाजू पूर्ण सांगितली पाहिजे. विदुर आणि धर्मव्याध यांना ज्ञान झाले हे ते मान्य करतात, आणि पूर्वजन्मीच्या संस्कारांनी ते झाले असे म्हणतात. इतिहास-पुराणांच्या द्वारे चारही वर्णांना ज्ञानाची वाट मोकळी आहे, हेही ते सांगतात. पण वेदाची वाट बंदच. आणि ही बंदी केवळ अद्वैताची नव्हे. शिष्य होऊ इच्छिणाऱ्या सर्वांना गोपुरावरून गुप्त मंत्र सांगून टाकला अशी ज्यांची कथा परंपरा प्रेमाने सांगते, त्या रामानुजांनीही श्रीभाष्यात हा अधिकार नाकारला आहे.

तेथेच रामानुज एक असा युक्तिवाद करतात, की तो वाचून आम्ही रात्रभर जागे राहिलो. ते अद्वैत्यांना विचारतात : तुमच्या मते ब्रह्म एकच सत्य, बंध खोटा, आणि तो केवळ ज्ञानाने नाहीसा होतो. असे असेल तर शूद्राला तुम्ही अडविणार कसे? त्याला कोणी साध्या बोलीत हे सत्य सांगितले तरी त्याचे काम झाले! रामानुजांनी हा अद्वैतावर दोष म्हणून मांडला आहे. म्हणजे, तुमचा सिद्धान्त खरा मानला तर शूद्राला बाहेर ठेवता येत नाही, म्हणून तुमचा सिद्धान्त चूक. आम्हांला या दोषात अद्वैताचे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र दिसते. प्रतिपक्षाने दिलेली साक्ष ती, तिच्यावर कोण शंका घेणार? सिद्धान्त दार उघडीत होता. सिद्धान्ताच्या धन्यांनी त्याला पाठ लावून ते बंद धरले.

हे कसे साधले? त्या दोन पायऱ्यांमुळे साधले. अभेद ठेवला परमार्थाच्या कप्प्यात, भेद ठेवला व्यवहाराच्या कप्प्यात, आणि दोन्ही कप्प्यांच्या किल्ल्या एकाच कमरेला. सभेत बोलावयाचे तेव्हा पहिला कप्पा उघडावयाचा, पाणवठ्यावर जावयाचे तेव्हा दुसरा. छांदोग्यात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, एकत्व शिकवितो. त्यासाठी तो मातीची भांडी, सोन्याचे दागिने, लोखंडाची नखे काढण्याची नराणी असे दृष्टान्त घेतो. कुंभार, सोनार, लोहार यांच्या हातच्या या वस्तू! त्यांच्या कामाने सिद्धान्ताला दृष्टान्त पुरविला, आणि पुढे त्यांनाच तो सिद्धान्त ऐकण्यास मनाई झाली. कामगार चळवळीतल्या माणसाला यात फारसे नवल वाटत नाही. ज्याने इमारत बांधली त्याला तिच्यात राहावयास मिळत नाही, हे आम्ही रोज पाहतो.

डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न फार सरळ विचारला होता. त्यांच्या निधनानंतर, १९८७ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या 'रिडल्स इन हिंदुइझम' या ग्रंथात एक प्रकरण याच विषयावर आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, प्रत्येक माणूस ब्रह्म आहे या विचारासारखा लोकशाहीला भक्कम पाया दुसरा सापडणार नाही. मग या पायावर समतेची इमारत का उभी राहिली नाही? ज्यांना उत्तर द्यावयाचे होते त्यांनी रागावून ग्रंथावरच वादळ उठविले. प्रश्न मात्र जागच्या जागी राहिला.

आता कोणी म्हणेल, दोष अद्वैताचा आहे, द्वैत घ्या म्हणजे झाले. पण इतिहास तसे सांगत नाही. उडुपीच्या कृष्णमंदिरात कनकदासांची खिडकी आजही दाखवितात. कनकदास सोळाव्या शतकातले, धनगर समाजातले थोर कवी. त्यांना आत घेतले नाही, तेव्हा मूर्ती त्यांच्याकडे वळली आणि भिंतीतल्या फटीतून त्यांना दर्शन झाले, अशी कथा आहे. ती भूमी द्वैताची. इकडे पंढरपुरात चोखामेळ्याची समाधी महाद्वाराबाहेर आहे. ही भूमी अभेदभक्तीची. द्वैताच्या दारात खिडकी मिळाली, अभेदाच्या दारात पायरी मिळाली. आत कोणालाच घेतले नाही. तेव्हा भेद की अभेद, एवढ्याने निकाल लागत नाही. तो सिद्धान्त कोणाच्या हातात आहे आणि तो कोणाला लागू करतो आहे, यावर सारे अवलंबून असते.

चोखोबांविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. ज्ञानेश्वरमहाराजांनी १२९० साली नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली, आणि नंतर 'अमृतानुभव' लिहिला. त्यात अज्ञानाचे खंडन करणारे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. जग हे अज्ञानातून भासलेले खोटे दृश्य आहे, ही कल्पना ते मान्य करीत नाहीत. एकच चैतन्य अनेक रूपांनी नटते, हा त्याचा विलास आहे, असे ते म्हणतात. म्हणजे भेद हा पुसून टाकावयाचा डाग राहिला नाही. तो एकत्वाचेच वैभव ठरला. अभेद ठेवूनही भेदाला मान देणारी ही दृष्टी मराठीत, साध्या माणसाच्या बोलीत, आली. तिच्या छायेत नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, जनाबाई आणि चोखामेळा अशी कष्टकरी मंडळी बोलू लागली. हा केवढा मोठा बदल होता! आणि तरीही चोखोबांचा शेवट कसा झाला? परंपरा सांगते की मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालले असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली ते इतर मजुरांबरोबर गाडले गेले. ते वर्ष १३३८ मानतात. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या. भक्त म्हणून आपण त्यांना वंदन करतो ते योग्यच आहे. पण ते कामावर मेलेले मजूर होते, हे आम्हांला विसरता येत नाही. ज्या कुसाच्या आत राहण्याची त्यांना परवानगी नव्हती, ते कूस बांधताना ते मेले. त्यांचे जातभाई देवळाच्या आत जाण्यास पुढे सहाशे वर्षे लागली. १९४७ च्या मे महिन्यात सानेगुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले.

चोखोबांच्या हयातीत जे घडले नाही, ते घडविण्याचा एक प्रयत्न केरळात झाला, आणि तो प्रत्यक्ष शंकराचार्यांच्या गावाशेजारी. पेरियार नदीच्या काठी कालडी हे शंकरांचे जन्मगाव. ज्या भूमीत अद्वैताचा आचार्य जन्मला, तिथे खालच्या मानलेल्या माणसाने वरच्या मानलेल्यापासून किती पावले दूर उभे राहावे याचे नियम ठरलेले होते. भेद पावलांनी मोजला जात होता! त्याच नदीच्या काठी, कालडीच्या खाली थोड्याच अंतरावर, आलुवा येथे १९१३ साली नारायण गुरूंनी अद्वैताश्रम स्थापन केला. गुरू एळवा जातीचे. ताडी काढणे, काथ्या वळणे ही त्या जातीतल्या पुष्कळांची कामे. नारायण गुरूंनी शंकरांचा सिद्धान्त सोडला नाही. तो त्यांनी पुरा घेतला आणि कप्पे मोडून टाकले. १८८८ साली अरुविप्पुरम येथे त्यांनी नदीतला एक दगड काढून शिव म्हणून स्थापन केला, आणि प्रतिष्ठापनेचा अधिकार कोणाचा हा वाद कृतीनेच निकालात काढला. वैकोम येथे १९२४-२५ साली देवळाभोवतालचे रस्ते सर्वांना खुले व्हावेत म्हणून सत्याग्रह झाला, त्याला त्यांचा पाठिंबा होता. आणि आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. १९२२ साली आलप्पुळा येथे काथ्याच्या कारखान्यांतील कामगारांची संघटना उभी राहिली. तिचे संस्थापक वाडप्पुरम पी. के. बावा हे नारायण गुरूंचे अनुयायी होते. अद्वैताच्या मठातून निघालेली वाट कामगार संघटनेच्या कचेरीपर्यंत पोहोचली. वेदान्त आणि आमचा धंदा यांचा संबंध काय, असे ज्यांना आज सकाळपासून वाटत असेल, त्यांना आमचे हे उत्तर आहे.

पण संघटना झाली म्हणजे अभेद झाला, असेही समजू नका. आपल्या मुंबईचेच उदाहरण घ्या. १९२८ साली गिरण्यांचा मोठा संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तो चालला. 'कामगार सारा एक' ही घोषणा तेव्हा घुमत होती. पण साचेखात्यात, म्हणजे जेथे कापड विणले जाई आणि पगार चांगला मिळे तेथे, अस्पृश्य कामगाराला काम करू दिले जात नसे. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागलेले सवर्ण कामगारांना चालत नव्हते. ही बंदी मालकापेक्षा सोबत्यांनी घातलेली होती. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा त्यांना पुष्कळांनी 'एकी फोडू नका' असे सांगितले. श्रोतेहो, हा उपदेश ओळखीचा वाटत नाही काय? हे त्या दोन कप्प्यांचेच कामगारी रूप होते. संपाच्या वेळी अभेद, साच्यावर भेद.

पुढे दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उतरले. मतभेद संपले होते म्हणून ते एकत्र आले नाहीत. मतभेद मोकळेपणाने मांडून ते एकत्र आले. भेद लपविणाऱ्यांना जी एकी जमत नाही, ती भेद बोलणाऱ्यांना एक दिवस का होईना, जमली.

आता आमच्या स्वतःच्या अनुभवातली एकच गोष्ट सांगतो. कारखान्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही, असे कारखाने शेकडो आहेत. एका यंत्रावर दोन माणसे. एक कायम, एक कंत्राटी. काम तेच, घाम तोच, धोका तोच. पगार मात्र एकाला दुसऱ्याच्या तिप्पट. कायम कामगाराचा गणवेश निळा, कंत्राटी कामगाराचा खाकी. दोघांची जेवणाची वेळ निराळी. एका खंडेनवमीला साहेबांचे 'एक कुटुंब' हे भाषण झाले, पेढे वाटले गेले. मागाहून द्वारसभा झाली, तिथे आमच्या पुढाऱ्यांचीही एकीवर भाषणे झाली. सभा संपल्यावर खाकी गणवेशातला एक पोरगा पुढे आला आणि आम्हांला म्हणाला, "दादा, आपण एक आहोत ना? मग पगारपत्रके दोन कशी?"

त्याच्या प्रश्नात सारे ब्रह्मसूत्र होते. आम्ही तो प्रश्न कायम कामगारांपुढे ठेवला. ते वाईट लोक नव्हते. प्रत्येकाच्या घरी कर्ज होते, मुलांच्या फिया होत्या. "त्यांचे आम्हांलाही वाईट वाटते, पण आमच्या ताटातले काढून कसे द्यावयाचे?" असे ते म्हणाले. तीन वर्षे आम्ही त्यांच्याशी बोलत होतो. चाळीत बोललो, चहाच्या गाडीवर बोललो, त्यांच्या घरच्या मंडळींशी बोललो. अखेर नव्या करारात कायम कामगारांनी आपल्या वाढीचा काही भाग सोडला, आणि त्याबदली कंत्राटी मुलांना तोच बोनस, तेच जेवण आणि टप्प्याटप्प्याने कायम होण्याचा हक्क मागितला. सगळे मिळाले नाही. पण बरेच मिळाले. ज्या दिवशी करारावर सह्या झाल्या, त्या दिवशी एका जुन्या फिटरने आम्हांला विचारले, "एकी एवढी महाग असते हे तुम्ही आधी का नाही सांगितले?" सभेत हशा पिकला. पण त्याचे म्हणणे अगदी खरे होते.

आमच्या सांगण्याचे सार एवढेच आहे. अभेद हे वरच्याने खालच्याला ऐकविण्याचे प्रवचन नव्हे, ते वरच्याने खालच्याचे लागणारे देणे आहे. ज्याला दार बंद आहे तो जेव्हा 'आपण एक आहोत' असे म्हणतो, तेव्हा तो हक्क मागत असतो. ज्याच्या हातात दार आहे तो जेव्हा तेच वाक्य उच्चारतो, तेव्हा त्याने पहिल्यांदा कडी काढली पाहिजे. वाक्य उच्चारून कडी तशीच ठेवली, तर ते वाक्य कितीही पवित्र असो, ते कुलपाचेच काम करते.

भेदाविषयीही तेच. वेगळेपण आणि उच्चनीचपण यांची जी गाठ बांधली गेली, ती सोडविली पाहिजे. माझी बोली तुमच्याहून वेगळी, माझा देव वेगळा, माझे काम वेगळे, हा ज्ञानेश्वरांच्या भाषेतला विलास आहे, तो असू द्यावा. त्याने जग सुंदर होते. पण माझे पाणी वेगळे, माझे पगारपत्रक वेगळे, माझे स्मशान वेगळे, हा विलास नव्हे. पाने आणि फुले वेगळी असणे हा झाडाचा स्वगत भेद आहे. पानाला पाणी आणि फुलाला नाही, असा भेद कोणत्याही झाडात नसतो.

कोणी विचारील, मग तुम्ही अद्वैती की द्वैती? आम्हांला एवढी मोठी पदवी नको. शंकराचार्यांकडून आम्ही एवढे घेतो की, माणसामाणसांत घातलेल्या भिंती मुळात घागरीच्या भिंती आहेत, त्या फुटू शकतात. मध्वांकडून एवढे घेतो की, एकेका माणसाचे वेगळेपण खरे आहे, त्याला गर्दीत विरघळवू नये. भेदाभेदवाद्यांकडून एवढे घेतो की, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. आणि सूत्रकारांकडून एवढे घेतो की, अभेदाची परीक्षा कोळ्यापाशी आणि दासापाशी करावी. राजवाड्यात ती परीक्षा सगळेच उत्तीर्ण होतात.

आपण येथे जमलेली मंडळी सुशिक्षित आहात, आपल्या घरी धुणेभांडी करणारी बाई येते, आपल्या गल्लीत कचरा उचलणारा माणूस येतो, आपल्या वसाहतीच्या दाराशी रात्रभर पहारेकरी बसतो. हे तिघेही बहुधा कंत्राटी असतात. पंडितांच्या सभेत अभेद सिद्ध झाला की नाही, हे पंडित ठरवितील. आपल्या घरी त्या बाईला चहा कोणत्या कपातून मिळतो, हे पाहिले म्हणजे आपल्यापुरता निकाल आपल्याला उद्या सकाळी घरच्या घरी लागेल.